उजव्या वळणावर पडणारा काटा: एका पोर्शे ९४४ च्या ऑइल चेंबरचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९८७ ची पोर्शे ९४४. टर्बो नसलेली, अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी. मालक माझा मित्र, मूळचा कोल्हापूरचा. वडिलांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री होती, त्यामुळे ओतीव कामाची नजर घरातून आलेली. आता बरीच वर्षं लॉस एंजेलिसजवळ नोकरीला आहे आणि महिन्यातला एक रविवार ट्रॅकवर घालवतो. नाव-गाव बाजूला ठेवून हे प्रकरण लिहितोय. लॉगर, म्हणजे गाडीच्या नोंदी टिपणारं यंत्र, जोडण्यापासून चेंबरचे बोल्ट आवळण्यापर्यंत मी त्याच्यासोबत होतो, आणि यातल्या एका चुकीत माझाही वाटा आहे. तो पुढे येईलच.

ट्रॅक विलो स्प्रिंग्सचा. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, मोहावे वाळवंटात, रोझामंड गावाजवळ. १९५३ पासून इथे गाड्या पळतायत. लांबी अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटरच्या आसपास, आणि वळणं ९. गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, आणि या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. दोन नंबरचं वळण उजवं, आणि संपता संपत नाही इतकं लांब. आठ नंबरचंही उजवंच. तिथे आमची ही जुनी गाडीसुद्धा ताशी १६० किलोमीटरच्या वर असते. ते संपतं न संपतं तोच नऊ नंबरचं येतं. तेही उजवं, आणि आत जाल तसं आवळत जाणारं. म्हणजे या दोन ठिकाणी इंजिनमधलं तेल बराच वेळ एकाच बाजूला दाबलेलं राहतं.

पहिली दोन वर्षं गाडी साध्या रस्त्याच्या टायरवर पळाली आणि काहीही कुरकुर नव्हती. मग त्याने ट्रॅकसाठीचे मऊ, चिकट टायर घेतले. लॅपमागे चार सेकंद कमी झाले, वळणात गाडी रुळावर असल्यासारखी चिकटायला लागली. तेलाचा विचार तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नाही.

अडचण कुठे होती

आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला चेंबर म्हणतात ते इंजिनच्या बुडाशी बसवलेलं भांडं. सगळं ऑइल वरून गळून तिथे जमतं, आणि जाळी लावलेली एक नळी ते उचलून पंपाकडे देते. रस्त्यावर हे भांडं कधीच फार कलत नाही. ९४४ चं चेंबर रस्त्यासाठी उत्तम आहे. लाखो किलोमीटर चाललेली इंजिनं त्याची साक्ष देतात. पण वळणात गाडीवर आडवा जोर आला की तेलाला खाली कुठे आहे हे कळेनासं होतं. आडवा जोर १ जी झाला, म्हणजे गाडीच्या वजनाइतका, की तेलाची पातळी ४५ अंशांत कलते. १.२ जी ला ५० अंश. अर्धा सेकंद असं झालं तर बिघडत नाही, पण चार-पाच सेकंद टिकलं की तेल चेंबरच्या भिंतीवर चढतं, काही वर ब्लॉकमध्येच अडकतं आणि नळीच्या जाळीपाशी हवा उरते.

रस्त्याच्या टायरवर ही गाडी ०.९ जी च्या आसपास वळायची. चिकट टायरवर १.१ च्या वर गेली. अडचणीचं मूळ एवढंच.

ट्रॅकवर पळणाऱ्या ९४४ मध्ये इंजिन बसतं ते बहुतेक वेळा दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, क्रँककडच्या टोकाच्या बेअरिंगमुळे (बिग एंड बेअरिंग). या गाड्या वापरणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात केसाहून पातळ तेलाचा थर असतो आणि सगळा भार त्या थरावर असतो. तेलाऐवजी फेस आला की थर फाटतो आणि धातू धातूला लागतो. एकदा लागला की पुढचं नुकसान फार झपाट्याने होतं.

पहिला निर्णय, जो चुकला

मार्चमधला रविवार. दुसऱ्या सेशनमध्ये आठव्या वळणाच्या शेवटी मित्राला डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा खाली जाताना दिसला. नेहमी चार बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक) वर राहणारा काटा दोनपर्यंत आला आणि सरळ रस्त्यावर परत वर गेला. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबतात तिथे, येऊन त्याने मला विचारलं, "काटा हलला रे. घरी जाऊ का?"

मी डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेपेक्षा थोडं खाली होतं. मी म्हटलं, "अर्धा लिटर घाल आणि जा. कमी असेल म्हणून झालं असेल."

तो गेला. अर्ध्या तासाच्या त्या सेशनमध्ये काटा आणखी सहा-सात वेळा पडला. पुढे बेअरिंग हातात आलं तेव्हा त्याची अवस्था पाहून मला त्या दिवसाची फार टोचणी लागली. डॅशवरचा काटा आळशी असतो. तो दोनवर दिसला म्हणजे खरं प्रेशर त्याहून खाली जाऊन आलेलं असतं, हे मला शिक्षणाने माहीत होतं. पिटमधल्या गडबडीत, गाडी ट्रेलरवर परत न्यायचा कंटाळा असताना, मी ते विसरलो. योग्य उत्तर होतं: आजचा दिवस संपला.

मोजमाप

त्या संध्याकाळीच मित्र मोठ्या चेंबरची किंमत बघायला लागला होता. मी आडवा आलो. काटा पडायची कारणं अनेक असू शकतात: पंप झिजलेला, जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला, सेन्सरच बिघडलेला, आणि या गाडीत खास म्हणजे तेल उचलणारी नळी तडकलेली. नळीला सांध्यापाशी तडा गेला की चेंबर कितीही मोठं बसवा, पंप हवाच ओढणार.

आधी साध्या यांत्रिक गेजने प्रेशर तपासलं. गरम इंजिनवर आयडलला आणि ३००० आरपीएमला ते व्यवस्थित होतं. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यावरचा संशय तिथेच कमी झाला. मग फिल्टरच्या बैठकीजवळ एक इलेक्ट्रॉनिक प्रेशर सेन्सर बसवला आणि तो जीपीएस लॉगरला जोडला, म्हणजे प्रेशर, आरपीएम आणि आडवा जोर एकाच पट्टीवर दिसतील.

एप्रिलमध्ये फक्त पाच लॅप मारले, तेही रोजच्या वेगापेक्षा हळू. लॅपटॉपवर रेघ पाहिली आणि वाद संपला. डाव्या वळणांत प्रेशर सपाट. दोन नंबरच्या वळणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात ४.३ बारवरून २.२ वर. आठव्या वळणात १.४ बार, पाऊण सेकंदाहून जास्त, आणि इंजिन ५५०० आरपीएमवर. दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, असा जुना ठोकताळा आहे. ५५०० ला निदान ३.८ बार हवं. आम्ही त्याच्या निम्म्यावरही नव्हतो.

रेघेतली आणखी एक गोष्ट मला जास्त खटकली. गाडी सरळ झाल्यावर प्रेशर लगेच सपाट होत नव्हतं. जवळजवळ एक सेकंद थरथरत वर येत होतं. याचा अर्थ पंपात हवा गेली होती आणि ती तेलाबरोबर पुढे बेअरिंगांकडे निघाली होती.

पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय होता थोडं जास्त ऑइल भरणं. तो आम्ही नकळत वापरून झालाच होता. त्याने थोडा फरक पडतो हे खरं, पण पातळी वाढली की क्रँक तेल घुसळतो, फेस वाढतो आणि इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरमधून तेलाची वाफ हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये जायला लागते. आमच्या गाडीत इनटेकच्या नळीत बोट फिरवलं तर काळं तेल लागत होतं.

जाड ऑइलचा प्रश्नच नव्हता. आधीपासून २०डब्ल्यू-५० होतं, आणि नळी हवा ओढत असेल तर ऑइल किती जाड आहे याने काही बदलत नाही.

जुन्या टायरवर परत जायचं, हा पर्याय मी गंभीरपणे मांडला होता. अडचण टायरने आणली, टायर काढले की ती जाते, आणि खर्च शून्य. मित्राने दोन दिवस विचार केला आणि नकार दिला. त्याचं म्हणणं, "मी हे मजेसाठी करतो. वळणात गाडी धरते तीच तर मजा." हे उत्तर मला पटलं. पण ज्यांना ट्रॅकवर वर्षातून दोनदाच जायचं असतं त्यांनी इथेच थांबावं असं माझं आजही मत आहे.

ड्राय संप म्हणजे तेल चेंबरमध्ये साठवायचंच नाही. वेगळ्या पंपांनी ओढून उंच टाकीत ठेवायचं. पोर्शेच्याच ९११ मध्ये ही व्यवस्था पहिल्यापासून होती. ९४४ ला ती मागाहून बसवायची तर खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो. शिवाय पट्टे, नळ्या, टाकी हे सगळं सांभाळायचं. रविवारच्या हौसेसाठी ते जास्त होतं.

खोल चेंबर मोहात पाडणारं होतं. तेल जास्त मावतं, नळी आणखी खाली जाते. पण ही गाडी आधीच जमिनीलगत आणि ट्रॅकसाठी आणखी खाली केलेली. चेंबर दोन-तीन सेंटिमीटर खाली आलं की ट्रॅकच्या कडेची कर्ब किंवा ट्रेलरवर चढतानाची उतरंड त्याला लागणार. चेंबर ट्रॅकवर फुटलं तर स्वतःचं इंजिन जातंच, शिवाय मागून येणाऱ्यांच्या टायरखाली तेल सांडतं. मी यावर ठाम नकार दिला.

उरले दोन. एक, मूळ चेंबरच्या आतच कप्पे करायचे आणि कप्प्यांना एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा लावायच्या, म्हणजे तेल नळीकडे येईल पण परत जाणार नाही. दुसरा, अ‍ॅक्युसंप. हा एक नळकांडा असतो, आत सरकता पिस्टन, एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. प्रेशर पडलं की हवा पिस्टन ढकलते आणि साठवलेलं तेल इंजिनमध्ये जातं. तो चांगलाच असतो, पण आजाराचं कारण त्याने जात नाही. तो फक्त पडणाऱ्याला झेलतो. म्हणून आधी कप्पे, मग परत मोजायचं, आणि गरज उरली तरच अ‍ॅक्युसंप, असं ठरलं.

काम

९४४ चं चेंबर उतरवणं हे नुसते बोल्ट काढून होणारं काम नाही. खालून आडवा क्रॉसमेंबर जातो आणि त्यावर स्टिअरिंगची रॅक. इंजिन वरून आडव्या दांड्याला टांगायचं, माउंटिंग सोडायचं, रॅक आणि क्रॉसमेंबर खाली घ्यायचा, तेव्हा चेंबर बाहेर येतं. आम्हाला दोन शनिवार लागले.

इतकं उघडलंय तर रॉड बेअरिंग बघायचीच, हे मी आधीच वदवून घेतलं होतं. ती इंजिन न उतरवता खालून काढता येतात. दोन नंबरच्या रॉडची टोपी उतरवली आणि शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल वाटी, हातात आला. चांगल्या शेलचा आतला भाग एकसारखा मंद करडा असतो. याच्या मधोमध तांब्याच्या रंगाचा पट्टा होता, बोटाच्या पेराएवढा रुंद, त्यात बारीक उभ्या रेघा. वरचा मऊ थर संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडला होता. बाकी तीन शेल करडेच. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अजून एक सेशन केलं असतं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता."

क्रँकच्या त्या जागेवर नख फिरवलं. कुठे अडकलं नाही. मायक्रोमीटरने चार बाजूंनी मोजलं, गोलाई टिकून होती. नशीब म्हणायचं. सगळ्या शेलच्या जोड्या नव्या, रॉडचे बोल्ट-नट नवे. तेलाची नळी काढून सांध्यापाशी भिंगाने पाहिली. तडा नव्हता, पण आधाराला एक पट्टी जोडून घेतली.

आता चेंबर. हे ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं, पस्तीस वर्षं तेलात बसलेलं. मित्र म्हणाला, "हे असंच वेल्डरकडे नेलंस तर झारी होईल त्याची. आधी भाजायला लागतंय." ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने ते उकळून बाहेर येतं आणि वेल्डात फोड राहतात. त्याने धुऊन, सॉल्व्हंट मारून चेंबर हलक्या आचेवर तापवलं. पृष्ठभागावर तपकिरी घामासारखे थेंब आले. पुसले, परत तापवलं, परत थेंब. चौथ्या खेपेला फडकं कोरडं निघालं. वडिलांच्या फाउंड्रीत दुरुस्तीला आलेल्या तुकड्यांना हेच करत असत, असं तो सांगत होता.

कप्प्यांच्या भिंती आम्ही आधी पुठ्ठ्याच्या कापून बसवून पाहिल्या. नळीभोवती चौकोनी खोली, तिच्या डाव्या-उजव्या भिंतींत एक-एक झडप, पुढे-मागे एक-एक, आणि वर सपाट झाकण, म्हणजे तेल भिंतीवर चढून निसटणार नाही. झाकणाला क्रँकच्या बाजूने तेल आत गळायला फटी ठेवल्या. इथे घाईत फट लहान ठेवली तर तेल वरच साचतं आणि उपायच अपाय होतो.

टिग वेल्डिंग बाहेरून करून घेतलं, आणि इथे आमचं दुसरं चुकलं. वेल्डरने एका बाजूने सलग लांब टाका मारला. चेंबर घरी आल्यावर कडेवर सरळ पट्टी ठेवली तर मधे फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पान आरामात जात होतं. कड वाकली होती. सांगायला हवं होतं की चेंबर जाड पाटाला बोल्टने आवळून, आलटून पालटून थोडं थोडं वेल्ड कर. आम्ही सांगितलं नव्हतं. कड मशीनवर घासून सपाट करून घ्यावी लागली. एक आठवडा आणि जादा पैसे गेले.

बसवण्याआधी एक चाचणी घेतली आणि या सगळ्या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. एक फळी ४५ अंशांत टेकवली. तिच्यावर चेंबर आडवं धरलं आणि आत जुनं ऑइल ओतलं. १ जी ला तेल जसं कलेल, तसंच इथे कललेलं. नळीच्या खोलीत तेल थांबलं. उलट बाजूला कलवलं. त्या बाजूची झडप बंद व्हायला हवी होती, ती अर्धवट उघडीच राहिली. बिजागरीत वेल्डचा एक थेंब अडकला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. कानशीने काढला. गाडीत बसवल्यावर हा थेंब कुणालाही दिसला नसता.

शेवटी जाळी आणि चेंबरचा तळ यांतलं अंतर. मुलांच्या खेळायच्या मातीचा गोळा जाळीखाली ठेवून चेंबर एकदा हाताने आवळलं, उतरवलं आणि दबलेली माती मोजली. ८ मिलिमीटर. ६ ते १० मधे असलं की ठीक. कमी असलं तर नळी गुदमरते, जास्त असलं तर खालचं तेल तिच्या हाती लागत नाही. नवं पॅकिंग, बोल्ट हलक्या हाताने आणि मधून कडेला. चेंबर गळतं ते बहुतेक वेळा बोल्ट कमी नाही तर जास्त आवळल्याने.

निकाल

सप्टेंबरमध्ये गाडी परत विलो स्प्रिंग्सला नेली. चेंबर बसवल्यावर इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी स्पार्क प्लग काढून स्टार्टरवर फिरवलं होतं आणि प्रेशर आल्यावरच सुरू केलं होतं. मग ट्रॅकच्या बाहेर ५०० किलोमीटर चालवली होती, ऑइल बदललं होतं, जुना फिल्टर कापून कागद उलगडून पाहिला होता. एक-दोन बारीक चमकणारे कण, पहिल्या भरणीत अपेक्षित तेवढेच.

त्याच टायरवर, पूर्ण वेगाने, लॉगरची रेघ अशी आली: दोन नंबरच्या वळणात प्रेशर ३.९ बारच्या खाली गेलं नाही. आठव्यात कमीत कमी ३.४. नवव्यात, जिथे वळणातच ब्रेक सोडताना तेल पुढे आणि डावीकडे दोन्हीकडे ओढलं जातं, तिथे ०.३ सेकंदाचा एक खड्डा उरला, २.६ बारपर्यंत. थरथर मात्र कुठेच नव्हती, म्हणजे हवा जात नव्हती. लॅपची वेळ मार्चच्या वेळेपेक्षा किंचित कमीच.

पुन्हा करायचं झालं तर

मार्चच्या त्या दुपारी मी वेगळं बोललो असतो. बाकी सगळ्या दुरुस्त्या त्यानंतर येतात.

सेन्सर आणि लॉगर चिकट टायरच्या आधी घेतले असते. टायरच्या एका जोडीच्या पैशांत ते होतं. टायर बदलल्यावर पहिल्याच दिवशी रेघ पाहिली असती तर दोन नंबरचा शेल कदाचित करडाच राहिला असता. डॅशवर एक मोठा लाल दिवा, ३००० आरपीएमच्या वर प्रेशर ठरावीक मर्यादेखाली गेलं की लागणारा, तोही तेव्हाच बसवला असता. आता बसवलाय. दिवा लागला की गाडी त्याच लॅपला पिटमध्ये, यावर चर्चा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

वेल्डिंग स्वतःसमोर करून घेतलं असतं. आणि क्रँक स्क्रेपर, म्हणजे फिरणाऱ्या क्रँकवरचं तेल खरवडून खाली पाडणारी पट्टी, याच वेळी बसवला असता. तेव्हा खर्च वाढतोय म्हणून टाळला. आता तो बसवायचा तर क्रॉसमेंबर पुन्हा उतरवावा लागेल.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. नवव्या वळणातल्या खड्ड्यासाठी मित्राला तीन क्वार्टचा, म्हणजे तीन लिटरच्या आतबाहेरचा, अ‍ॅक्युसंप हवाय. मी म्हणतो, आणखी दोन ट्रॅक डेंच्या नोंदी बघू, ऑइलचा नमुना लॅबला पाठवू आणि त्यात तांबं-शिसं वाढतंय का ते पाहू. तोवर तो नवव्या वळणात थोडा आधी पाय काढतो. नमुन्याची बाटली भरून ठेवली आहे, या आठवड्यात पोस्टात पडेल.